मुलगा १४ वर्षांचा झाला तरी आवाज फुटला नाही, उंचीही कमी आहे. वाट पाहावी की डॉक्टरकडे न्यावं?

ताई, मुलगा नववीत, वय १४ वर्षं ३ महिने, उंची १४६ सेंटीमीटर, ओठावर मिसरूड नाही, शेजारचे म्हणतात अमुक पावडर द्या, एवढं तुम्ही सविस्तर लिहिलंत. आणि जाता जाता एका ओळीत हेही लिहिलंत की ऐरोलीच्या तुमच्या सोसायटीतल्या स्विमिंग पूलला जाणं त्याने बंद केलंय. मला त्या ओळीवरून सुरुवात करावीशी वाटते, कारण मीही बंद केलं होतं. ठाण्यात महापालिकेच्या तरणतलावाचा पास खिशात असायचा. पोहण्याचा प्रश्नच नव्हता, अडचण होती ती कपडे बदलायच्या खोलीची.

मी डॉक्टर नाही. कोपरीत वाढलो, १९९६ साली नववीत होतो आणि प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढे उभा असायचो. बसचा कंडक्टर न विचारता अर्धं तिकीट फाडायचा (आईला त्यात आनंदच होता). घरच्या फोनवर 'हॅलो' म्हटलं की पलीकडून 'ताई, बाबांना द्या जरा' असं यायचं. वर्गातली पोरं मागच्या बाकावर जे विनोद करायची त्यांना मी अर्थ न कळता हसायचो, आणि सगळ्यांच्या जरा नंतर हसायचो, त्यामुळे पकडलाही जायचो. एकाच ठिकाणी माझी चलती होती: गल्लीच्या गोविंदा पथकात. हलका म्हणून मला सगळ्यात वर चढवायचे. आता १४ वर्षांखालच्या मुलांना थरांत घेत नाहीत, हे बरंच झालं. पण तेव्हा वर्षातला तो एक दिवस बुटकं असण्याचा मला अभिमान वाटायचा.

आता तुमचा प्रश्न. डॉक्टरकडे न्या. घाबरून नको, पण न्या. मुलामध्ये १४ पूर्ण होईपर्यंत वयात येण्याची सुरुवात झाली नसेल तर एकदा तपासून घ्यावं असा संकेत आहे. फक्त 'सुरुवात' म्हणजे काय, इथे आपली सगळ्यांची गल्लत होते. आपण मिसरूड आणि आवाज बघतो. ती दोन्ही उशिराची लक्षणं. मुलात पहिला बदल होतो तो वृषणांच्या आकारात, आणि तो कोणाला दिसत नाही. बरेचदा मुलालाही कळत नाही. मग जांघेतले केस, लिंगाची वाढ, त्यानंतर उंचीची झेप, आणि त्या सुमाराला कधीतरी आवाज. मुलींचं उलटं असतं, त्यांची उंचीची झेप सुरुवातीलाच येते, सरासरीने मुलांच्या दोन वर्षं आधी. म्हणून सातवी-आठवीच्या वर्गफोटोत मुली उंच दिसतात. तेव्हा कदाचित तुमच्या मुलाची गाडी निघालेलीही असेल, तुम्ही पुढच्या स्टेशनवर उभ्या आहात इतकंच.

हे तपासतात कसं, ते सांगतो, कारण त्याला आधी सांगितलं नाही तर तो तिथे जाऊन गोठेल. मी गोठलो होतो. बाबा मला स्लो लोकलने परळला घेऊन गेले होते. डॉक्टरांनी खणातून मण्यांची माळ काढली. मला वाटलं आता मंत्र म्हणणार! १२ मणी, लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येकावर आकडा: १ मिलिलिटरपासून २५ पर्यंत. वृषण हाताने चाचपून कोणत्या मण्याएवढं आहे ते बघायचं. ४ चा मणी जुळला की समजायचं, सुरुवात झाली. आंद्रेया प्राडर नावाच्या स्विस डॉक्टरांनी ही माळ तयार केली आणि ती अजून वापरात आहे. माझा ३ जुळला. शिवाय डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढला. त्यावरून हाडांचं वय काढतात. माझं वय १४, हाडांचं साडेअकरा. हे ऐकून मला रडू आलं, आणि डॉक्टर मात्र खूश झाले. त्यांचं म्हणणं असं की हाडं मागे आहेत म्हणजे वाढायला जागा शिल्लक आहे. मुलांमधल्या उशिराचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच असतं: घड्याळ बिघडलेलं नाही, मागे लावलेलं आहे.

मला त्यांनी विचारलं होतं, 'फोडणीचा वास येतो का?' तेव्हा वाटलं भूक लागली का विचारताहेत. खूप वर्षांनी कळलं की वास न येणं आणि वयात न येणं या दोन गोष्टी एका दुर्मीळ आजारात जोडीने येतात. थायरॉइड, रक्त कमी असणं, पोटाचा जुना आजार, खाण्यात कमी पडणं, यांच्यामुळेही उशीर होऊ शकतो, म्हणून रक्त तपासतात. तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा, गरज वाटली तर ते हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवतील. फारच कुढणाऱ्या मुलाला कधीकधी काही महिने टेस्टोस्टेरॉनच्या छोट्या डोसची इंजेक्शनं देतात, पण तो निर्णय त्यांचा. मला दिली नाहीत.

उंचीचा एक हिशेब घरी करता येतो. तुम्ही १५४, त्याचे बाबा १६९ असं लिहिलंय. दोन्हींची बेरीज, त्यात १३ मिळवायचे, निम्मं करायचं: १६८. यात ८ सेंटीमीटर इकडेतिकडे धरा. म्हणजे त्याला साडेपाच फुटांच्या आसपास जायचं आहे, सहा फुटांची वाट बघू नका. वयात येण्याआधी मुलं वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर वाढतात आणि झेप घ्यायच्या थोडं आधी ही गती आणखी मंदावते, नेमकी तेव्हाच सगळे विचारतात 'हा थांबला का?' झेप आली की वर्षाला ९-१० सेंटीमीटरही होतात. पावडरीचे पैसे वाचवा. बारला लटकूनही काही होत नाही, मी दोन मे महिने लटकलोय.

घरातल्या वागण्याबद्दल. शरीर मागे असलं तरी मन आणि मित्र कॅलेंडरप्रमाणेच चाललेले असतात. माझ्या घरचे माझ्याशी मी दिसायचो त्या वयाप्रमाणे वागायचे. गणपतीत चुलतभाऊ रात्र जागवायचे आणि मला 'बाळ, तू झोप'. हे त्या चिडवण्यापेक्षा जास्त लागायचं. तुमच्या मुलाला एकट्याने ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला जाऊ द्या, बँकेचं एखादं काम सांगा, चौदा वर्षांच्या मुलाला सांगाल ते सगळं सांगा. दार बंद करून बसतो, ते या वयात बहुतेक सगळेच करतात, त्याच्यामागे लागू नका. शाळा टाळायला लागला, जेवण तुटलं, जगण्याबद्दल विचित्र बोलला तर मात्र थांबायचं नाही. १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) नंबरवर बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि एक काम त्याच्या बाबांचं. त्या दिवशी परळला डॉक्टरांनी माझ्या बाबांना विचारलं, 'तुमचं कधी झालं होतं हे सगळं?' बाबा थोडे अवघडले आणि म्हणाले, 'माझा आवाज अकरावीत फुटला. उंची नोकरीला लागेपर्यंत वाढत होती.' मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. दोन वर्षं मी रोज आरशात बघत होतो, ते शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते आणि हे वाक्य त्यांच्याकडे होतं. उशीर बरेचदा घराण्यातून येतो, डॉक्टरही हा प्रश्न विचारतीलच. तुम्ही आजच रात्री जेवताना विचारा, मुलगा पानावर असताना.