वाचक विचारतात: तणनाशक कितपत निर्धोक?

प्रश्न : भांगलणीला माणसं मिळत नाहीत, म्हणून बांधावर आणि उसाच्या सरीत ग्लायफोसेट मारतो. गावात म्हणतात कॅन्सर होतो, दुकानदार म्हणतात मिठापेक्षा सौम्य. खरं कोणाचं? – एक ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

उत्तर : मिठाशी केलेली तुलना फक्त एका वेळी पोटात गेलेल्या विषाची आहे. वर्षानुवर्षं अंगावर उडणाऱ्या फवाऱ्याबद्दल ती काहीच सांगत नाही. डब्यावरच्या विषारीपणा दाखवणाऱ्या रंगीत त्रिकोणाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ साली ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलं. युरोप आणि अमेरिकेच्या नियामकांना तसं आढळलं नाही, आणि युरोपीय संघानं २०२३ मध्ये परवानगी दहा वर्षांनी वाढवली. यात विसंगती वाटते, पण पहिली संस्था पदार्थात कर्करोग करण्याची क्षमता आहे का एवढंच पाहते, नियामक मात्र किती मात्रेला किती धोका तेही मोजतात. आमच्या मते खाणाऱ्यापेक्षा पंप पाठीवर घेणाऱ्याला जपायला हवं.

भारतात ग्लायफोसेटची नोंदणी चहामळे आणि पीक नसलेल्या जागेसाठी आहे. उभ्या उसात ते मारूच नका. पानावर पडलं की मुळापर्यंत उतरतं आणि कोवळे फुटवे पांढरे पडतात.

बांधावर मारायचं तर ४१ टक्क्यांचं औषध १५ लिटरच्या पंपाला १०० ते १५० मिली पुरे. गुण आला नाही की लोक मात्रा वाढवतात, पण दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. गढूळ पाण्यातल्या मातीला ग्लायफोसेट घट्ट चिकटतं आणि निकामी होतं. विहिरीचं पाणी जड (क्षारांचं) असेल तर पंपाला १५० ग्रॅम अमोनियम सल्फेट आधी विरघळवा, मग औषध घाला. फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल आणि त्यावर फवारा उडू न देणारं झाकण (हूड) लावा, दाब कमी ठेवा. पुढचे सहा तास पाऊस नको.

सगळ्यात जास्त धोका माप ओतताना असतो, कारण तेव्हा औषध पाणी न मिसळलेलं असतं. रबरी हातमोजे आणि चष्मा तिथंच हवा. गळक्या पंपानं पाठ भिजत असेल तर आधी वायसर बदला.

प्रश्न : फवारलेल्या बांधावरची वैरण म्हशीला चालेल का? विहीर, ओढा जवळच आहे. – एक दूध उत्पादक, करवीर तालुका

उत्तर : नको. ग्लायफोसेट मारलेलं गवत आठवडाभर हिरवंच दिसतं आणि फसगत होते. फवारलेल्या बांधावर काठीला चिंधी बांधून ठेवा, घरातल्या प्रत्येकाला सांगा.

पाण्याच्या बाबतीत आम्हाला जास्त काळजी अॅट्राझीन या उसातल्या तणनाशकाची वाटते. ते पाण्याबरोबर खाली झिरपतं. भूजलात सापडू लागल्यामुळंच युरोपीय संघानं २००४ मध्ये त्याला नकार दिला. काळ्या रानाला भेगा पडल्या असतील तर पहिल्या पाण्याबरोबर ते थेट खाली जातं, म्हणून भेगाळलेल्या रानात आणि विहिरीच्या कडेला मारू नका. उसात सोयाबीन किंवा भुईमूग आंतरपीक असेल तर अॅट्राझीन वापरायचंच नाही, आंतरपीक जळतं. टू-फोर-डी या तणनाशकाचा फवारा वाऱ्यानं शेजारच्या टोमॅटोवर गेला तर पानं पिळवटतात. त्यातही एस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन उडतो.

पंप ओढ्यात कधीच धुऊ नका. हे पाणी पुढं पंचगंगेला मिळतं आणि खालची गावं तेच पितात. तीनदा विसळा आणि ते पाणी फवारलेल्या पट्ट्यावरच टाका. ग्लायफोसेटमध्ये मिसळलेलं चिकटद्रव्य मासे आणि बेडकांच्या पिल्लांना घातक ठरतं, म्हणून काठाचं गवत विळ्यानंच कापा.

पॅराक्वाट हे तणनाशक घरात असेल तर कुलपात ठेवा. ते सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. एक-दोन घोटही जीव घेऊ शकतात, कारण विष फुप्फुसात साठत जातं आणि त्यावर उतारा नाही. चुकून पोटात गेलं तर त्रास जाणवायची वाट न बघता डबा सोबत घेऊन लगेच कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा.