पहिल्यांदा फिशिंगच्या ट्रिपला जाणार असशील तर

हे बघ भावा, आधी शिकारीचं डोक्यातनं काढून टाक, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडं हौसेची शिकार बंदच आहे, कुणी फार्महाऊसवर ससा नाहीतर डुकराचा बेत सांगितला तर सरळ नाही म्हणायचं. मासेमारीची हौस मात्र लई चांगली भागते. सुरुवातीला माझं ऐकशील तर तीर्थन खोऱ्यात जा, हिमाचलमधे. सोलापुरातनं कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथनं मनालीची बस, औटला उतरायचं आणि पुढं बंजारकडं जीप मिळते. नदीकाठी साधे होमस्टे आहेत, ब्राऊन ट्राउट मिळतो, मत्स्य विभागाचं लायसन लागतं. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटला बंदी असते म्हणून दिवाळीनंतरचं बुकिंग करू नको, मार्च-एप्रिल बघ.

महसीरची ओढ असेल तर उत्तराखंडात पंचेश्वर, महाकाली नदीवर, पण तिथलं पाणी जोराचं आणि मासा ताकदीचा, त्यामुळं पहिल्याच खेपेला नको.

निघायच्या आधी उजनीच्या काठावर, परवानगी विचारून, रॉड फेकायची सवय कर, मनगट बसलं पाहिजे. आणि गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करून घे म्हणजे धरलेला मासा परत पाण्यात सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. हात ओले करूनच धरायचा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा नंतर रोगानं मरतो. फोटो पाण्याजवळच काढ, पटकन.