सोयाबीन पिवळं पडलं? आधी वावर मांजराकाठचं का माळावरचं ते बघा

केज तालुक्यातल्या मांजरा नदीकाठच्या एका दादांनी विचारलंय, सोयाबीन पिवळं पडलं, युरिया फेकू का? अन वर बालाघाटातल्या तांड्यावरच्या ताई विचारतेत, आमचंबी पिवळंच हाय, खालच्या गावाला सांगाल तेच आम्ही मारावं का, आणि दसऱ्यानंतर आम्ही ऊसतोडीला जातो तर पुढल्या साली तूर घ्यावी का.

तेच मारू नका. मांजरा पाटोद्याच्या डोंगरात उगवते, तिथून धनेगावच्या धरणाकडं येईपर्यंत माती लई बदलते, काठाला खोल काळं भारी रान अन वर माळाला वीतभर मातीखाली मुरूम, त्यामुळं एकाच पावसात खालच्या वावरात पाणी तुंबतं आणि वरचं चार दिवसांत उलतं.

दादा, तुमच्याकडं शेंड्याची कवळी पानं पिवळी अन शिरा हिरव्या दिसत असतील तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण, आपल्या चुनखडीच्या रानात पाणी साचलं की मुळाला लोह उचलता येत नाही. युरियानं ते जात नाही, पैसे वाया घालू नका. आधी उताराकडं चर काढून पाणी बाहेर काढा, वापसा आला, म्हणजे जास्तीची ओल जाऊन रान कामाजोगं झालं, की फेरस सल्फेट किंवा सूक्ष्म अन्नद्रव्य ग्रेड २, दोन्हीतलं एकच, १० लिटरला ५० ग्रॅम फवारा. पुढल्या वर्षी बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर पेरा, चार ओळींमागं सरी राहते, जास्तीचं पाणी तिथून निघून जातं.

ताई, तुमच्याकडं खालची पानं पिवळी पडून वाळत असतील अन दुपारी झाड माना टाकत असेल तर पाण्याचा ताण हाय. हलकी कोळपणी करून भेगा बुजवा, १३:००:४५ हे पाण्यात विरघळणारं खत १० लिटरला १०० ग्रॅम घेऊन सकाळी नायतर संध्याकाळी फवारा.

तुरीचं म्हणाल तर लवकर येणारी बीडीएन ७११ सुद्धा १५० दिवस घेते, म्हणजे जूनअखेर पेरली तरी नोव्हेंबर संपतो, तोवर तुम्ही कारखान्यावर. शेंगा भरताना अळी येते तेव्हाच घरी कोणी नसतं, मागं फवारणारं माणूस राहणार असेल तरच घ्या. नसेल तर उडीद घ्या, ७०-७५ दिवसांत निघतो, किंवा सोयाबीनचं ८५-९० दिवसांचं वाण पेरा, टोळी निघायच्या आत रास घरात येते.

फोटो पाठवताना शेंड्याचं अन बुडाचं अशी दोन्ही पानं दाखवा.