आधी दाब, मग जनुक

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एपीओए5 जनुकातला -1131 जागेवरचा बदल असणाऱ्यांचे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, वाढलेले दिसतात. उच्च रक्तदाबाशी मात्र संबंध एकदा दिसतो आणि संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये लिपिड्स (रक्तातले सगळे स्निग्ध घटक) घातले की नाहीसा होतो. तुझा गोंधळ समजतो. पण दाब कसा मोजला? चार पानांत त्यावर एक ओळ नाही.

एखाद्या सर्रास आढळणाऱ्या जनुकीय बदलामुळे सिस्टोलिक, म्हणजे वरच्या, दाबात पडणारा फरक बहुधा 1 मिमीच्या आसपास, किंबहुना त्याहून कमी असतो. दंडाला लहान पडणारा कफ, म्हणजे दाब मोजायचा पट्टा, याच्या कितीतरी पट जास्त दाब दाखवतो. कुणी 136 चे 140 लिहीत असेल, तर तुझा जनुक तिथेच बुडाला. पाच मिनिटं शांत बसवायचं, दंड हृदयाच्या पातळीवर, बोलायचं नाही, किमान दोनदा मोजायचं. यात सवलत नाही.

तुझ्या तक्त्यात दाबाच्या दोन गोळ्या घेणारा माणूस 132/84 म्हणून निरोगी गटात बसला आहे. अरे, तो रुग्ण आहे! दाब सलग आकडा म्हणून वापरणार असशील तर औषध घेणाऱ्यांच्या सिस्टोलिकमध्ये 15 आणि डायस्टोलिकमध्ये, म्हणजे खालच्या आकड्यात, 10 मिळवायची रूढ पद्धत आहे. त्यांना वगळू नकोस. वगळलंस तर जास्त दाबाचीच माणसं गळतात.

आता लिपिड्स. तू एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) मोजलेलं नाही, सूत्राने काढलं आहेस: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा. ट्रायग्लिसराइड्स 400 मिग्रॅ/डेलिच्या वर गेले की ते सूत्र चालत नाही, आणि तुझा बदल नेमके तेच वाढवतो. म्हणजे चूकही जनुकाच्याच मागे चालते. इथेही मोजमापच.

संबंध नाहीसा होण्याचं म्हणशील, तर जनुकाचा परिणाम लिपिड्समधूनच दाबापर्यंत जात असेल, तर लिपिड्स घालून तू वाटच बुजवलीस. लिपिड्सशिवाय आणि लिपिड्ससह, दोन्ही मॉडेल्स शेजारी छाप. पण दाबाच्या आकड्यातच गोंगाट असेल तर त्यानेही संबंध विरतो, आणि दोन्हींतला फरक तुला कळणार नाही.

जनुकाची तपासणीही बघ. निरोगी गटात 500 माणसं आणि दुर्मीळ अ‍ॅलीलचं (जनुकाच्या कमी आढळणाऱ्या रूपाचं) प्रमाण 0.2 असेल, तर त्याची एकही प्रत नसणारे, एक असणारे आणि दोन असणारे यांची साधारण 320, 160, 20 अशी वाटणी हवी. 340, 120, 40 आली तर मधला गट यंत्राला नीट वाचता आलेला नाही, असा संशय आधी घे.

मी मोजमापावर अडून बसतो अशी तक्रार असते. बसतो. गोठवलेला डीएनए पुढच्या वर्षी पुन्हा तपासता येईल. त्या दिवशीचा दाब पुन्हा कोण मोजणार? या एका गोष्टीत ढिलाई झाली की पुढची सगळी गणितं फुकट जातात, आणि ती हळहळ मला तुझ्या वाट्याला येऊ द्यायची नाही.

कच्ची वाचनं पाठव, सरासरी नको. सोबत कफचं माप, औषधांची यादी आणि मोजणारा कोण होता तेही.