बँडमधला एकेक माणूस बदलत गेला, तर बँड तोच राहतो का?

तुमच्या प्रश्नात कंसात एक वाक्य आहे: ‘गायक आणि लीड गिटारवाला तेच असतील तर बाकीचे बदलल्याने फारसा फरक पडत नसावा.’ त्या ‘बाकीच्यां’मधला मी. सहा वर्षं एका बँडमध्ये बेस (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) वाजवला आणि एके दिवशी, मला न विचारता, माझ्या जागी दुसरा आला. तेव्हा उत्तर तटस्थ असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

गायक मिळतो हो. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला आणि त्याच जुलैत ब्रायन जॉन्सनला गायक घेऊन त्यांनी ‘बॅक इन ब्लॅक’ हा अल्बम आणला. बँड होता त्याहून मोठा झाला, कारण माल्कम यंगची रिदम गिटार (ताल धरणारी, सोलो न वाजवणारी) आणि फिल रडचे ड्रम जागचे हलले नव्हते. गळा नवा, चालण्याची ढब जुनीच. जेनेसिस बँडमधून १९७५ मध्ये गायक पीटर गॅब्रिएल बाहेर पडला, तेव्हा बऱ्याच शोधाशोधीनंतर ड्रमवर बसलेला फिल कॉलिन्सच माइकपुढे आला.

हे मी आमच्या गिटारवाल्यालाही ऐकवायचो. तो म्हणायचा, “बेस ऐकतो कोण? नसला तरच कळतं.” टोमणा होता. मला आजही ती दाद वाटते.

मला काढल्यावर चार महिन्यांनी त्यांचा कार्यक्रम ऐकायला गेलो. पार मागे, साउंडवाल्याच्या टेबलाशी उभा राहिलो. तिसरं गाणं माझं. म्हणजे शब्द आणि चाल गायकाची, पण सुरुवातीचे बेसचे चार सूर माझे. मी ते बोटांनी वाजवायचो, ठोक्याच्या किंचित मागे, इतकं की ड्रमरला वाटावं आता हा चुकणार. तो बिचारा मला धरून ठेवायचा आणि त्या ओढाताणीत गाण्याला वजन यायचं. नवा पोरगा पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) वाजवतो. एक सूर चुकला नाही, हात माझ्यापेक्षा तयार. पण तो ठोक्याच्या पुढे पळतो. पहिल्या कडव्यातच ड्रमर त्याच्यामागे धावू लागला. दुसऱ्या कडव्यात गायकाला श्वास घ्यायला जागा उरली नाही. ज्या ओळीआधी तो डोळे मिटून थांबायचा, ती त्याने मधेच तोडली. गिटारवाला मात्र खुशीत. त्याच्या सोलोला चढी लय मानवते. मला का काढलं ते तिथे उभ्या उभ्या कळलं. (तोंडावर कारण वेगळंच सांगितलं होतं. ते जाऊ दे.)

सूर तेच, शब्द तेच, गाणं दुसरंच. टाळ्या आमच्या वेळेपेक्षा जास्त पडल्या. खोटं कशाला बोलू?

गिटारवाल्याचं ठरलेलं उदाहरण ब्लॅक सॅबथ. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी जिथे, तिथे सॅबथ. बरं, मग १९८६ चा ‘सेव्हन्थ स्टार’ अल्बम ऐका. आयोमीने तो स्वतःच्या नावावर काढायचा म्हणून केला होता. रेकॉर्ड कंपनीने वर सॅबथचं नाव चढवलं. गिटार त्याचीच आहे, पण बेसवाला गीझर बटलर नाही, ड्रमर बिल वॉर्ड नाही, आणि पोटात जाणवणारा तो घुमाराही नाही.

माझं उदाहरण फ्लीटवुड मॅक. नावच ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बेसवाला जॉन मॅकव्ही यांचं. पीटर ग्रीनने १९६७ मध्ये ब्लूज बँड म्हणून उभा केला, १९७० मध्ये तोच सोडून गेला, गिटारवाले येत-जात राहिले, नावातले दोघे टिकले. १९७४ मध्ये तर त्यांच्या मॅनेजरने ‘नाव माझं आहे’ म्हणत भलत्याच वादकांना त्या नावाने अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवलं. लोकांनी ओळखलं, प्रकरण कोर्टात गेलं.

आता हेच उदाहरण माझ्यावर उलटतं, तेही सांगतो. त्याच वर्षाच्या अखेरीस गाणी लिहिणारे आणि गाणारे लिंडसे बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स बँडमध्ये आले. १९७७ चा त्यांचा ‘रूमर्स’ अल्बम ऐकून हा एकेकाळचा ब्लूज बँड आहे असं कुणाच्या मनातही येणार नाही. बेस-ड्रम तेच, बँड नवा. १९६८ मध्ये गाणी लिहिणारा सिड बॅरेट बाहेर पडल्यावर पिंक फ्लॉइड बँडचंही असंच झालं. म्हणजे गाणी लिहिणारा गेला तर बदल सगळ्या जगाला ऐकू येतो. ताल धरणारा गेला तर आतल्या चौघांना, आणि काढलेल्या पाचव्याला.

तुम्ही स्वतः बँडमध्ये असाल तर नाव कोणाचं हे आधी लिहून ठेवा, दोस्ती असली तरी. आमचं नाव मी सुचवलेलं. ते अजून तेच लावतात आणि कार्यक्रम मिळवायला जे रेकॉर्डिंग पाठवतात, त्यात बेस माझा आहे.

नव्या पोराचा यात काही दोष नाही. त्याच्या वाचनात हे आलंच तर: तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीआधी मी एक मात्रा काहीच वाजवत नसे. रेकॉर्डिंगमध्ये नीट ऐक. ती जागा गायकाची आहे.