एक काम लांबले तरी शेड्यूलमधील पुढच्या तारखा का हलत नाहीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या शेडचे काम सुरू आहे, मालकांना पाडव्याला यंत्रे सुरू करायची आहेत, आपण एमएस प्रोजेक्ट या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये साठ-सत्तर कामांचे शेड्यूल तयार केले आहे, परंतु एखादे काम लांबले की पुढच्या सगळ्या तारखा हाताने बदलाव्या लागतात, मग एक्सेल काय वाईट होते?

मी सोलापुरातच बांधकामांच्या नियोजनाचे काम करतो आणि ही चूक मीही केलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपण सॉफ्टवेअरला तारखा सांगितल्या आहेत. त्याला सांगायचे असते ते प्रत्येक काम किती दिवसांचे आहे आणि कोणते काम कोणाच्या मागे लागते. तारखा त्याने आपल्याला सांगायच्या असतात. ड्युपाँट कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास क्रिटिकल पाथची, म्हणजे ज्या कामांच्या साखळीवर प्रकल्पाची शेवटची तारीख ठरते ती शोधण्याची, पद्धत बसवली, तेव्हापासून हिशेबाची दिशा हीच आहे.

आधी एक चाचणी करा. पायाच्या खोदकामाचा कालावधी तीस दिवसांनी वाढवा आणि प्रकल्पाची शेवटची तारीख पाहा. ती हलली नाही, तर आपल्याकडे शेड्यूल नसून रंगीत तक्ता आहे. (चाचणीनंतर बदल मागे घ्यायला विसरू नका.) कारणे बहुधा दोन असतील. एमएस प्रोजेक्टच्या २०१० च्या आवृत्तीपासून नवे काम मूळ सेटिंगनुसार ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ म्हणून पडते, म्हणजे आपण लिहिलेली तारीख ते मुकाट्याने जपते. ते ‘ऑटो’ करावे लागते. दुसरे म्हणजे ऑटो केल्यावरही सुरुवातीच्या रकान्यात तारीख टाइप केली, की ‘याआधी सुरू करू नये’ असे बंधन त्या कामाला नकळत चिकटते आणि मग आधीचे काम लवकर संपले तरी हे काम मागे येत नाही. म्हणून तो रकाना कोरा सोडावा आणि कामे एकमेकांना लिंक करावीत. पहिले आणि शेवटचे सोडून प्रत्येक कामाच्या आधी काहीतरी आणि नंतर काहीतरी असलेच पाहिजे.

माझ्या पहिल्या शेड्यूलमध्ये अशा लिंक नव्हत्याच. होटगी रोडवरील त्या साइटवर स्लॅब नऊ दिवस उशिरा पडला, पण साइट ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेल्या चार्टमध्ये खालचे प्लास्टर ठरल्या दिवशीच सुरू होत होते. मुकादमाने त्या पट्टीवर बोट ठेवून विचारले, “साहेब, टेके उभे असताना गवंडी कुठं उभा करू?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या टेक्यांवरूनच कॅलेंडरचा मुद्दा निघतो आणि तो आपल्या शेडला नेमका लागू आहे. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साधे पोर्टलंड सिमेंट असल्यास ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके ७ दिवसांनी आणि त्याहून लांब गाळ्याचे १४ दिवसांनी काढता येतात (सिमेंट दुसऱ्या प्रकारचे असेल तर मुदत स्ट्रक्चरल इंजिनियरांना विचारून ठरवावी). आता हे १४ दिवस आपण साधे ‘१४ दिवस’ म्हणून भरले, तर सॉफ्टवेअर ते कामाचे दिवस समजते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर महाराजांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, आणि गड्ड्याच्या (या यात्रेला आम्ही गड्डा म्हणतो) त्या दिवसांत निदान माझ्या साइटवर तरी कोणी फिरकत नाही. म्हणजे दोन आठवडी सुट्ट्या आणि गड्ड्याचे तीन दिवस मिळून टेके निघायला कागदावर १९ दिवस लागतात. काँक्रीट मात्र गड्ड्याला जात नाही, त्याचे घट्ट होणे सुट्टीतही चालूच असते. अशा कालावधीसाठी आकड्यापुढे इंग्रजी ई आणि डी ही अक्षरे जोडली की सुट्ट्या न वगळता सलग दिवस मोजले जातात. उलट गवंडीकामाला सुट्ट्या लागू झाल्याच पाहिजेत, आणि सॉफ्टवेअरचे मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार आठ तासांचे असल्यामुळे आठवडी सुट्टी, गड्डा आणि कामाचे तास आपल्या साइटप्रमाणे आधी बदलून घ्यावेत.

लिंक आणि कॅलेंडर नीट बसले की बेसलाइन, म्हणजे मूळ ठरलेल्या तारखांची प्रत, जतन करा आणि प्रत्येक उशिरानंतर ती पुसून नवी करू नका. एमएस प्रोजेक्टमध्ये अकरा बेसलाइन ठेवता येतात. त्यानंतर आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी प्रत्यक्ष सुरुवात, प्रत्यक्ष शेवट आणि उरलेले दिवस भरावेत. मी मुकादमांना टक्के विचारणे सोडून दिले आहे, कारण प्लास्टर “ऐंशी टक्के झालं की साहेब” हे उत्तर मी एकाच साइटवर तीन आठवडे ऐकले. “अजून किती दिवस आणि किती गवंडी लागतील?” असे विचारले, की माणूस भिंतींकडे बघून मोजू लागतो.

प्रायमाव्हेरा हे मोठ्या प्रकल्पांचे नियोजन सॉफ्टवेअर घ्यावे का, हेही आपण विचारले आहे. करारातच अट असेल तर घ्यावे. साठ-सत्तर कामांसाठी ते जड आहे. खर्चाची अडचण असेल तर प्रोजेक्टलिब्रे मोफत मिळते आणि एमएस प्रोजेक्टच्या फाइलीही उघडते.

राहिला पाडवा. तो ‘याच दिवशी संपले पाहिजे’ अशा बंधनाने ठोकून बसवू नका, कारण मग शेवटची पट्टी पाडव्यालाच दिसत राहते आणि मालकही निर्धास्त राहतात. शेवटच्या कामाच्या माहितीत ‘डेडलाइन’ म्हणून तारीख भरा. त्याने काम हलत नाही, पण हुकणार असेल तर लाल खूण येते आणि ‘टोटल स्लॅक’च्या (काम किती दिवस लांबले तरी चालेल, त्या सवडीच्या) रकान्यात उणे आकडा दिसतो. समजा तो उणे ११ आला, तर क्रिटिकल पाथवरील कामांमधूनच ते अकरा दिवस काढावे लागतील : शेडचे दोन भाग करून पहिल्या भागात फरशी चालू असताना दुसऱ्यात प्लास्टर करता येईल, किंवा गवंड्यांची दुसरी टोळी लावता येईल. रंगकाम घाईने उरकून मात्र काही साधणार नाही, जर त्याला आधीच वीस दिवसांचा स्लॅक असेल. हा उणे आकडा जानेवारीतच मालकांसमोर ठेवा. दुसरी टोळी मागवायला तेव्हा वेळ असतो.