कपाशीचं पहिलं वर्ष आहे ना, मग हे वाच

भावा, बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच झाडात बनवणारी कपाशी, आणि 'अळीला बीटीची सवय झाली' हे आधी डोक्यातून काढ. एकटी अळी बदलत नसते रे, लाखोंच्या गर्दीत दोन-चार अशा जन्मतःच असतात की ज्यांना बीटीचं विष बाधत नाही, बाकीच्या मरतात, ह्या उरतात आणि पुढची पिढी ह्यांचीच, असं करत करत 2002 ला आलेल्या बीटीला 2017 ला विदर्भात गुलाबी बोंडअळीने पार धुतलं.

पण विष न बाधण्याचा तो जीन सुप्त असतो, आई-बाप दोघांकडून आला तरच अळी बीटीवर तगते. म्हणून तर कडेला साधी कपाशी लावायची, तिथल्या अळ्यांचे साधे पतंग ह्या तगलेल्यांच्या पतंगांशी जुळले की पिल्लं बीटीवर मरतात. ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी हे पाळलं, तिथे बीटी टिकलं. आपल्याकडे बीटीसोबत आलेलं साध्या बियाण्याचं ते 120 ग्रॅमचं पाकीट कित्येकांनी बांधावरच टाकलं, मीपण टाकलं, आजही वाईट वाटतं.

फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही तेच पीक पुढे ठेवणं, अजिबात घेऊ नको, डिसेंबरअखेर शेत मोकळं कर, नाहीतर त्याच उरलेल्या अळ्यांना पिढ्या वाढवायला आयतं खाणं मिळतं. आणि फुलं रोज बघ, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली डोमकळी दिसली की उघड, आत अळी सापडेल, तिथल्या तिथे चिरड.